एक जूनची माणसं

१

डच लोक वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात, हे मृण्मयीला आधी कोणी सांगितलं नव्हतं. फेल्डहोवनच्या भाड्याच्या घरात ती आणि सारंग राहायला आले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या चिंचोळ्या संडासात, बसलं की बरोबर डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर, एक लांबट कॅलेंडर खिळ्याला लटकत होतं. त्यावर साल नव्हतं, वार नव्हते. एकाखाली एक नुसत्या तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे नाव लिहायला एक ओळ. वरच्या अर्ध्या भागात महिन्याचं छायाचित्र.

"आधीच्या कॉरीबाईंचं राहिलं असेल," शेजारच्या योकेबाई म्हणाल्या. त्या ऐंशीच्या घरातल्या, अजून सायकलवर बाजाराला जाणाऱ्या. "आमच्याकडे सगळ्यांच्याच संडासात असतं. रोज न चुकता माणूस आणखी कुठे जातो, सांग बरं? कुणाचा वाढदिवस विसरत नाही."

मृण्मयीला ही युक्ती आवडली. तिने कॅलेंडर तसंच राहू दिलं. वर सप्टेंबरचं पान होतं: विटांच्या बैठ्या घरांची रांग, पुढे तांबडा सायकलमार्ग, त्यावर सायकल धरून उभी असलेली दोन सोनेरी केसांची मुलं. असा रस्ता दाराबाहेर पडलं की रोज दिसायचा. पुण्यात इतिहासात एम. ए. केलेली, नवऱ्याच्या परमिटवर आलेली, सकाळी डच भाषेचा वर्ग आणि दुपारी ग्रंथालयात स्वयंसेवकाचं काम अशी धावपळ करणारी मृण्मयी सात महिन्यांत त्या चित्राकडे धड एकदाही पाहू शकली नाही. ते नजरेत मुरून गेलं होतं.

एप्रिलमध्ये सारंगचे वडील, मनोहरराव, तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर आरेखक होते. धरणांचे नकाशे काढून काढून नजर अशी झाली होती की भिंतीवरची खुंटी अर्धा सेंटीमीटर वाकडी असली तरी जेवण गोड लागत नसे. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते संडासातून बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, "मृण्मयी, तुमच्या संडासात आफ्रिका आहे."

"काय आहे, बाबा?"

"त्या घरांच्या मागे झाड बघ. गोरखचिंच आहे ती. तसलं झाड हॉलंडात उगवत असेल, तर मी उद्यापासून लाकडी बूट घालून फिरेन."

२

दोघांनी कॅलेंडर काढून जेवणाच्या टेबलावर आणलं. बाबांनी बॅगेतून भिंग काढलं. (भिंग घेऊन परदेशी येणारा हा एकमेव प्रवासी असेल, असं सारंग म्हणाला.)

झाड गोरखचिंचेचंच होतं. मग एकेक पान उलटत गेलं. जानेवारीत बंदर. फेब्रुवारीत चौक, चौकात दगडी कमान. मार्चमध्ये रुंद नदीवरचा रेल्वेपूल. एप्रिलमध्ये कचेरीची पांढरी इमारत, आणि चित्राच्या वरच्या कडेला एका झेंड्याचा तळाचा कोपरा तेवढा आलेला: लाल कापड आणि पांढऱ्या वर्तुळाची खालची कड. वर्तुळात काय होतं, ते कातरीने सोडलं नव्हतं. मृण्मयीने भिंग तिथेच धरून ठेवलं. लाल कापडावर पांढरं वर्तुळ असलेला नाझींचा झेंडा इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुरा बघावा लागत नाही.

मागच्या पुठ्ठ्यावर बारीक छापील मजकूर होता. तिने फोनवर भाषांतर पडताळत वाचला: "मध्य आफ्रिकेतील डच वसाहतदार कुटुंबांना, शांतता-तहाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सप्रेम भेट. गृहनिर्माण कचेरी. १९९३."

"कसला तह?" बाबा म्हणाले. "त्रेचाळीस साली कुठला तह? पंचेचाळीसला जर्मनी हरली ना रे? की शाळेत आम्हाला काहीतरीच शिकवलं?"

"हरलीच," सारंग म्हणाला. तो चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. घाईत डबा भरत होता. "बाबा, लोकांना छंद असतात. जर्मनी जिंकली असती तर, अशा कल्पनेवर लोक नकाशे काढतात, नोटा छापतात, तिकिटं छापतात. कोणीतरी कॅलेंडर छापलं."

हे पटण्यासारखं होतं. मृण्मयीने ते पटवूनही घेतलं. पण छंदिष्टाने छापलेलं कॅलेंडर कॉरीबाईंनी खऱ्या वाढदिवसांसाठी वापरलं होतं. पानापानावर तीन-चार वेगवेगळ्या शाईंनी नावं होती: यान, ट्रूस, बाळ एल्सा. काही नावांसमोर छोटा क्रॉस. कडा वाफेने फुगलेल्या. आणि छायाचित्रांतल्या बायकांच्या अंगावर खरोखरच नव्वदच्या दशकातले खांदे फुगवलेले झगे होते, मोटारी मात्र अशा की तशी बनावट दोघांपैकी कोणी कधी पाहिली नव्हती.

तिला वेगळंच काहीतरी खुपत होतं, आणि ते सापडायला तिला तासभर लागला. मे महिन्याच्या चित्राखाली लिहिलं होतं, "अभियंत्याचं कुटुंब बागेत, कुत्रा बेलोसह." कुत्र्याला नाव होतं. मागे गुडघ्यांवर बसून वाफे खणणाऱ्या काळ्या माणसाची पाठ दिसत होती. त्याच्याबद्दल अक्षर नव्हतं. तिने सगळी पानं पुन्हा चाळली. पूल, बंदर, चौक, प्रत्येक चित्रात ती माणसं होती. टोपली उचलणारा हात, वाकलेला कणा, डोक्यावरच्या दगडाखालची मान. चेहरा एकाचाही नव्हता.

"हे सगळं कोणी बांधलं मग?" ती टेबलावर हात आपटून म्हणाली. "कुत्र्याचं नाव लिहायला जागा आहे!"

"अगं, पण हे खोटं आहे ना?" बाबा हसले. "खोट्या माणसांवर इतकं चिडू नये."

३

जूनच्या पानावर समुद्र होता. काळ्या खडकांची लांब भिंत पाण्यात शिरत गेलेली, आणि भिंतीवरून डोक्यावर दगड घेऊन पाठमोरी चाललेली माणसांची रांग. खाली ओळ: "समुद्रभिंतीवर नवी तुकडी, १ जून."

बाबांनी सवयीने मोजली. "अकरा."

तारखांमध्ये एक जूनची ओळ गच्च भरलेली होती. इतर नावं ऐसपैस, आडनावासकट. इथे मुंगीएवढ्या अक्षरांत नुसती पहिली नावं, ओळ संपली म्हणून समासात चढलेली. जोसेफ, पाउल, सिमोन, दुसरा जोसेफ, लहान जोसेफ… बारा होती. बाराजणांचा वाढदिवस एका दिवशी.

मृण्मयीला हसूच फुटलं. "बाबा, ही तर आपली माणसं! एक जूनवाली!"

बाबांच्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही. शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून लिहून मोकळे. बाबांचा कागदोपत्री वाढदिवस एक जून. मृण्मयीचे वडील, बार्शीचे विनायक गुरुजी, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणत, त्यांचाही एक जून. आणि त्यांनी स्वतः चाळीस वर्षं मास्तरकी करताना आणखी शे-दोनशे पोरांना तोच वाढदिवस वाटला होता. तिच्या डचच्या वर्गातली सोमाली बाई सांगायची, की निर्वासितांच्या छावणीत ज्याला तारीख माहीत नाही त्याला एक जानेवारी देतात. सगळीकडे तेच. कारकुनाला सोपी पडेल ती तारीख.

"दोघं व्याही एकाच दिवशी जन्मले," बाबा म्हणाले. "लग्नात गुण जुळवताना हे कोणी बघितलं नाही. तुझ्या बापाच्या चष्म्याची काडी अजून काळ्या दोऱ्यानेच बांधलेली आहे का गं?"

"तीच. नवी घेऊन दिली तर कपाटात ठेवली."

"मग लिही त्यालाही. मंडळाचे सभासद वाढू देत."

तिने पेन घेतलं आणि लहान जोसेफच्या खाली, देवनागरीत, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं: मनोहर. विनायक. आडनावांना जागाच नव्हती.

"आणि आता हे संडासात नको," बाबा म्हणाले. "माझं नाव तिथे? चौऱ्याहत्तर वर्षं इभ्रतीने काढली."

म्हणून कॅलेंडर जेवणघराच्या भिंतीवर आलं, बाबांच्या खुर्चीसमोर, जूनचंच पान वर ठेवून.

४

मे महिना कोरडा गेला. बाबा सकाळी सहाला उठून फिरायला जात, आठला परत येत, चहा घेऊन खुर्चीत बसत आणि कॅलेंडरकडे बघत. सुरुवातीला भिंग घेऊन, नंतर नुसतेच. सारंग कामासाठी महिनाभर तैवानला गेला, त्यामुळे घरात दोघंच असत. मृण्मयी वर्गाहून आली की बाबा आज काय नवं सापडलं ते सांगत. भिंत कुठून बांधायला घेतली असेल, भरतीला पाणी कुठवर चढत असेल, दगड किती किलोचा असेल.

"पंचवीस," एकदा ते म्हणाले. "पहिला दिवस जड जातो. मग मान बसते."

"तुम्हाला कसं कळलं?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "काय कसं कळलं?"

त्यांच्या बुटांना तांबडी माती असे. सायकलमार्गाचा रंग असेल, असं तिने ठरवलं. इथले सायकलमार्ग तांबडेच असतात. पण डांबराचा रंग बुटांना लागत नाही, हे तिला माहीत होतं. एकदा तिने पायपुसणं झटकलं, तर पांढऱ्या फरशीवर मूठभर माती पडली, बारीक, हळदीसारखी मऊ, खारट वासाची. समुद्र इथून शंभर किलोमीटर लांब. तिने माती केरात टाकली आणि मग केरातून थोडी काढून एका डबीत ठेवली. आपण हे का करतोय, ते तिला सांगता आलं नसतं. तिला फक्त बघायचं होतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात चहा ओतताना तिने सहज विचारलं, "बाबा, रविवारी योकेबाईंनी बोलावलंय केक खायला. जाऊ या ना?"

"रविवारी एक तारीख ना? नाही जमणार. एक तारखेला हजर व्हायचंय."

"कुठे?"

ते थोडा वेळ कपाकडे बघत राहिले. चेहऱ्यावर भीती नव्हती. एखादा शब्द तोंडाशी येऊन अडतो तसा भाव होता. "अगं, हो की," ते शेवटी म्हणाले. "कुठे बरं?"

ते आंघोळीला गेल्यावर ती जूनच्या पानासमोर जाऊन उभी राहिली. पाण्याचा आवाज येत होता, भांडी घासायच्या यंत्राची घरघर चालू होती, बाहेर कोणीतरी गवत कापत होतं. इतक्या रोजच्या आवाजांत तिने बोट ठेवून रांगेतली माणसं मोजली.

तेरा.

पुन्हा मोजली. आधी बाबांनी चुकीची मोजली असतील. पण बाबा मोजण्यात चुकत नसत, याच गोष्टीसाठी त्यांना खात्याने घड्याळ दिलं होतं. शेवटचे दोघं इतरांपेक्षा बुटके होते. दोघांच्याही डोक्यावर दगड नव्हता अजून. त्यातला एक दोन्ही हात पाठीमागे बांधून, डावा पंजा उजव्या मुठीत धरून उभा होता.

आंघोळ करून बाबा बाहेर आले, तिच्यामागे उभे राहिले. तिने वळून पाहिलं. डावा पंजा उजव्या मुठीत.

५

तिने खोडायचं ठरवलं. दुसरं काय करणार? पेन उचललंही. तेवढ्यात मागच्या दाराने योकेबाई भांडं परत द्यायला आल्या आणि जवळजवळ ओरडल्या.

"नाव खोडू नकोस! आमच्यात जिवंत माणसाचं नाव कॅलेंडरवरून खोडत नाहीत. माणूस गेला की मगच. काही लोक खोडतात, काही क्रॉस काढतात. अर्थ एकच."

मृण्मयीचा हात तिथेच थांबला. अंधश्रद्धा म्हणून तिने इतर वेळी वाद घातला असता. आज घातला नाही.

"या कॉरीबाई कोण होत्या?" तिने विचारलं.

"चांगली बाई. लहानपण आफ्रिकेत गेलं म्हणायची. कुठल्या गावात विचारलं की नाव सांगायची, पण मला ते नकाशात कधी सापडलं नाही." योकेबाई कॅलेंडरकडे बघत होत्या, जवळ मात्र येत नव्हत्या. "शेवटी शेवटी डोकं फिरलं होतं गं बिचारीचं. तास-तास संडासात बसायची, हिरवं पेन घेऊन. भिंतीपलीकडे मला ऐकू यायचं. एकच प्रश्न, परत परत, वेगवेगळ्या भाषांत."

"काय प्रश्न?"

"तुझा जन्म कधीचा? तुझा जन्म कधीचा?" योकेबाईंनी खांदे उडवले. "आणि मग गप्प. उत्तर ऐकत असल्यासारखी."

६

एकतीस मे. शनिवार. संध्याकाळचे सात वाजले होते आणि दुपार असावी तसं ऊन होतं. बाबा खुर्चीत बसले होते, पायांत बूट, मांडीवर घडी घातलेला रुमाल. डोक्यावर दगड घ्यायचा तर आधी रुमालाची चुंबळ लागते. मृण्मयीने हे ओळखलं आणि कॅलेंडर भिंतीवरून काढलं.

हिरवं पेन. तिने भिंग घेतलं आणि एक जूनच्या ओळीत हिरवी शाई शोधली. सापडली. पाउल या नावापुढे एक केसाएवढा बाण होता आणि बाणापुढे लिहिलं होतं: १४ मार्च. तिने मार्च उघडला. चौदा तारखेला, ऐसपैस हिरव्या अक्षरांत, पाउलचं पूर्ण नाव होतं, आडनावासकट, आणि खाली: "अगाथाचा मुलगा."

ओळीत बारा नावं. चित्रात अकरा माणसं. कॉरीबाईंनी एकाला बाहेर काढलं होतं. त्याची तारीख शोधून.

"बाबा, तुमचा खरा वाढदिवस कधी?"

"एक जून."

"गुरुजींनी लिहिलेला नाही. खरा."

"ते कोणाला ठाऊक? आई होती तेव्हा सांगायची काहीतरी." ते दाराकडे बघत होते. "अक्काला माहीत असेल."

अक्का म्हणजे बाबांची मोठी बहीण, त्यांच्याहून दहा वर्षांनी थोरली, शेवगावला असायची. भारतात रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. फोन वाजत राहिला. पाचव्यांदा लावल्यावर उचलला.

"कोण गं? मन्याची सून? काय झालं माझ्या मन्याला?"

"काही नाही आत्या, बरे आहेत. बाबा जन्मले तो दिवस आठवतो का तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं? मीच तर सुईणीला बोलवायला पळाले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता, माझ्या परकराला लागला म्हणून आज्जीनं मारलं मला. आणि हा मेला जन्मला तो रडेचना. सगळे म्हणाले, मुका आहे. आता बघ, गप्प बसतो का!"

"कुठल्या साली?"

"साल मला काय कळतंय? पहिली निवडणूक झाली ना देशात, त्याच्या आधीचा पोळा."

म्हणजे एक्कावन्न. मृण्मयीने फोनवर जुनं पंचांग काढलं. श्रावणी अमावास्या, एक सप्टेंबर. दुसरा दिवस दोन सप्टेंबर. तिने एक जूनच्या ओळीत मनोहर या नावापुढे बाण काढला. घाईत तो वाकडा आला. मग सप्टेंबरचं पान, तेच गोरखचिंचेचं. दोन तारखेपुढे तिने मोठ्या अक्षरांत बाबांचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि बाबांच्या आईचं नाव तिला ठाऊक होतं म्हणून खाली लिहिलं: "गोदावरीचा मुलगा."

मागे खुर्ची करकरली.

"मृण्मयी," बाबा म्हणाले, "मी घरात बूट घालून का बसलोय?"

ती खुर्चीशेजारी जमिनीवरच बसली आणि हसायला लागली, हसता हसता रडायला. बाबांनी बुटांचे बंद सोडले. आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. उद्याची तारीख लागायला अजून चार तास होते, आणि काम झालं होतं. तिने जूनचं पान उघडून पाहिलं. रांगेत बारा. हात मागे बांधलेला माणूस नव्हता.

शेवटचा मात्र होता. बुटका, किंचित पोक काढलेला. तो मान तिरकी करून पायाखाली बघत होता, त्यामुळे कानामागची एक रेघ दिसत होती. तिने भिंग धरलं. चष्म्याची काडी. काडीवर काळा दोरा.

७

भारतात एक जून लागायला चार तास नव्हते. पंचवीस मिनिटं होती.

"अगं, इतक्या रात्री?" आईचा आवाज. "बरं झालं केलास. हे काय करून बसलेत बघ. जेवल्यापासून पलंगावर बसलेत, पायात चपला घालून. झोपा म्हटलं तर म्हणतात, झोपलो आणि ते न्यायला आले तर?"

"आई, स्पीकरवर ठेव. आणि अण्णांना बाहेर जाऊ देऊ नकोस. दार लाव. अण्णांचा खरा वाढदिवस कधी?"

"एक जून की."

"खरा, आई!"

"कोणाला माहीत गं? आई बाळंतपणात गेली, आज्जीनं वाढवलं, आज्जीही गेली. कोण राहिलंय सांगायला?"

"काहीतरी म्हणत असेल आज्जी. पाऊस होता, सण होता, काहीही."

आई विचार करत होती. घड्याळात आठ अकरा.

"हरभरा काढायला सगळे रानात गेले होते, म्हणायच्या. घरात कोणी नव्हतं, म्हणून उशीर झाला. एवढंच."

हरभरा. म्हणजे फेब्रुवारी, नाहीतर मार्च. साठ दिवस. मृण्मयीने दोन्ही पानं शेजारी शेजारी यावीत म्हणून कॅलेंडरची बांधणीची तार सोडवली. त्या साठातला एक दिवस खरा होता आणि तो सांगणारं माणूस जगात नव्हतं. कुठलीही एक तारीख लिहायची? ते तर गुरुजींनीही केलं होतं. ते तर त्या कचेरीनेही केलं होतं.

"सगळ्या लिही," बाबा म्हणाले. त्यांनी दुसरं पेन उचललं होतं. "तू एक फेब्रुवारीपासून खाली ये. मी एकतीस मार्चपासून वर येतो. पूर्ण नाव, आईचं नाव. काय होतं त्यांच्या आईचं नाव?"

"रखमा."

दोघं टेबलावर वाकून लिहू लागले. विनायक, आडनाव, रखमाचा मुलगा. खाली पुन्हा तेच. फोनवर पंख्याची खडखड ऐकू येत होती. आई काहीतरी समजावत होती, चपला काढा हो, पोरगी घाबरलीय तिकडे. बाबांचं अक्षर आरेखकाचं, सरळ, न घाईचं. मृण्मयीचं फेब्रुवारीच्या मध्यावरच ढासळलं होतं. आठ एकोणीस. आठ तेवीस. पेन अडलं, तिने ते झटकलं, शाईचा थेंब चौकातल्या दगडी कमानीवर पडला. तिने तो पुसला नाही.

आठ तीस झाले.

फोनवर पलंग करकरला.

"अहो," आई म्हणाली. "कुठे निघालात?"

मृण्मयीने मान वर केली नाही. चोवीस फेब्रुवारी. वर येणारे बाबा नऊ मार्चवर होते. कडी वाजली. आईने अण्णांच्या नावाने हाक मारली, जी बायका नवऱ्याला सहसा मारत नाहीत. पंचवीस फेब्रुवारी. आठ मार्च. रखमाचा मुलगा. रखमाचा मुलगा.

"थांबले," आई म्हणाली.

दोघांची पेनं एकाच वेळी थांबली.

"दारात थांबलेत गं. मागे वळून बघतायत. कोणीतरी हाक मारल्यासारखं." मग आईचा आवाज लांबून आला, मग अण्णांचा, झोपमोड झाल्यासारखा चिडका: कडी कोणी काढली, माणसं रात्री दारं उघडी टाकतात का?

मृण्मयीने खाली पाहिलं. तिच्या पेनाखाली पंचवीस फेब्रुवारी होती, बाबांच्या पेनाखाली आठ मार्च. दोन्हींची शाई ओली होती. दोन्हींतली कुठली, ते आता कधीच कळणार नव्हतं. चालेल, तिने स्वतःला सांगितलं. अण्णांना दोन वाढदिवस असले तर असू देत.

बाबांनी खुर्चीत अंग टाकलं. बाहेर अजून लख्ख ऊन होतं, योकेबाई झाडांना पाणी घालत होत्या. मृण्मयीने जूनचं पान ओढून घेतलं, मोजायला, खात्री करायला.

अकरा.

तिने बोट काढून घेतलं.

"बाबा."

बाबा भिंग न घेताच वाकले. त्याची गरज नव्हती. भिंत तीच होती, समुद्र तोच. डोक्यावर दगड घेतलेली अकराही माणसं थांबली होती. आणि त्यांच्या पाठी आता दिसत नव्हत्या.

खोलीत खारट वास येत होता. बाबांनी आपलं पेन बाजूला ठेवलं, मृण्मयीच्या हातातलं घेतलं, निब बोटावर घासून शाई येते का ते पाहिलं आणि ते तिला परत दिलं.

"नावं वाच," ते हळूच म्हणाले. "पहिला कोण आहे?"

"जोसेफ. पण बाबा, यांच्या तारखा आपल्याला कोण सांगणार?"

बाबा चित्रातल्या पहिल्या माणसाकडे बघत होते. तो त्यांच्याकडे बघत होता.

"त्यालाच विचार," ते म्हणाले.